पेटाऱ्यातला वास

आमच्या गाडीला वास येतो की नाही, या प्रश्नावर घरात दोन पक्ष होते, आणि त्यांपैकी एका पक्षात सासूबाई एकट्याच होत्या. बहुमताचे म्हणणे असे की, वास आहे, परंतु लहान मूल वाढलेल्या कोणत्याही घरातल्या गाडीला असतो तेवढाच आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, वासालाही काही मर्यादा असते. हा वास नव्हे, हा अंगावर धावून येणारा प्रकार आहे. एरवी हा वाद करमणुकीचा ठरला असता. परंतु त्याच्यावर एक गुडघा अवलंबून होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीस सासूबाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया नीट झाली, हाड जुळले. जुळलेले हाड आणि वाकणारा गुडघा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हाला नंतर कळले. वाकवण्याचे काम नदीपलीकडच्या उपचार केंद्रात व्हायचे होते. तिथे एक उंच, मोजके बोलणाऱ्या बाई सासूबाईंचा पाय हातात घेत आणि दर खेपेस तो आधीपेक्षा थोडा अधिक दुमडत. घरात त्यांचे नाव ‘गुडघेबाई’ पडले होते. गुडघेबाईंनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितले होते की, हे आत्ताच केले तर होईल; सांधा एकदा आखडून बसला की पुढे कितीही हात जोडले तरी तो ऐकणार नाही, आणि मग उरलेले आयुष्य हा पाय काठीसारखा ताठ राहील.

आणि सासूबाई जायला तयार नव्हत्या. पहिल्या खेपेस त्यांना पुलावर ओकारी झाली. दुसऱ्या खेपेस पुलाच्या अलीकडेच झाली; तरी दोन्ही वेळा त्या केंद्रापर्यंत गेल्या. तिसऱ्या खेपेस त्यांनी गल्लीच्या वळणावर गाडी थांबवायला लावली आणि परत फिरवायला लावली. त्यानंतर गाडी अंगणातून हलली नव्हती, आणि गुडघाही.

भाड्याची गाडी का केली नाही, असे कुणी विचारील. सासूबाईंचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांच्या आधारात जखडलेला होता आणि तो सरळच ठेवावा लागे. तसा पाय घेऊन आत शिरता येईल अशी सरकत्या दाराची, उंच बैठकीची गाडी बोलावली की येतेच असे नाही. आमच्या हाताशी अशी एकच होती, ती म्हणजे आमचीच. सात माणसांची, बोजड, एका बाजूने खरचटलेली. तिला आम्ही पेटारा म्हणत असू. या पेटाऱ्यातून आमच्या संसाराने आजवर जे जे वाहिले, त्यातले थोडे थोडे तिच्यातच राहिले होते: समुद्राची वाळू, रंगाचे डबे, बटाट्यांची पोती, आणि आमची कन्या चिमी हिचे संपूर्ण बाळपण.

शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या वेळी हा विषय निघाला आणि बायकोचा संयम संपला.

“आईला वास येत नाही,” ती मला म्हणाली, पण आवाज खोलीच्या त्या टोकाला नीट पोचेल एवढा ठेवून. “आईला त्या गुडघेबाईची धडकी भरलीय. नाव मात्र गाडीचं.”

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला.

“इतकी वर्षं शाळेत मी सबबी ऐकल्या,” त्या म्हणाल्या. “पोट दुखतं, वही हरवली, आजी वारली. एका मुलाची आजी एका वर्षात चारदा वारली. सबब कशाला म्हणतात ते मला तू शिकवू नकोस.”

“मग माझ्या नाकाला का नाही येत?”

“तुझं नाक त्या गाडीत लहानाचं मोठं झालंय. घरचंच म्हणून सोडून देतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “जावईबापू, सोमवारी मी एकदा बसेन. तुमच्या शब्दाखातर. पण पुन्हा तसंच झालं, तर माझ्या पायाचा विषय या घरात कुणी काढायचा नाही. ताठ तर ताठ.”

एवढे बोलून त्या चाकाच्या आधारावर, म्हणजे वॉकरवर, रेलून आपल्या खोलीत गेल्या. बायको रिकाम्या कपाकडे पाहत बसली. मी मात्र त्या क्षणी निश्चय करून मोकळा झालो होतो. माझा युक्तिवाद साधा होता. वास खरा असेल, तर गाडी निर्मळ केल्याने वास जाईल. वास ही सबब असेल, तर गाडी निर्मळ केल्याने सबब जाईल. दोन्ही पक्षी गाडी निर्मळ करणे अटळ होते, आणि त्यासाठी कोण खरे बोलते याचा निवाडा आधी करण्याची गरज नव्हती.

बायकोला हे ऐकवल्यावर ती म्हणाली, “तू वकील का नाही झालास?”

“मग चष्म्याचं दुकान कुणी चालवलं असतं?”

“कुणीही. गिऱ्हाइकं तरी सुटली असती.”

शनिवारी सकाळी दुकानावर ‘दोन दिवस बंद’ अशी पाटी लावून मी अंगणात उतरलो. गाडी धुऊन देणाऱ्यांकडे आम्ही ती पहिल्या खेपेनंतर एकदा पाठवून पाहिली होती. त्यांनी ती वरवर चकचकीत केली आणि आरशाला अत्तराची कुपी टांगून परत पाठवली. त्यावर सासूबाईंचा अभिप्राय असा होता की, आधी मेलेला उंदीर होता, आता मेलेला उंदीर लग्नाला निघालाय. तेव्हा या खेपेस काम परक्या हाती द्यायचे नाही आणि गाडीत कसलाही सुगंध घालायचा नाही, हे दोन नियम मी आधीच ठरवले होते.

दुसरा नियम मोडायला माझा मेहुणा खोकेभर बाटल्या घेऊन आला. त्याला घरात सगळे फवारा म्हणतात. जगातल्या कोणत्याही अडचणीवर काहीतरी फवारले पाहिजे, अशी त्याची श्रद्धा आहे.

“भाऊजी, हे बघा. लिंबू, लव्हेंडर, आणि हा ‘डोंगरवारा’. हा मारला की गाडीत बसल्या बसल्या मफलर घ्यावासा वाटतो.”

“खोकं तिकडे पायरीवर ठेव.”

“एकच मारू?”

“एकही नाही. वास झाकायचा नाही, काढायचा आहे.”

“बरं. मग नळी कुठाय? पाण्याचा जोर दिला की अर्ध्या तासात—”

“आधी कोरडं, मग ओलं,” मी म्हणालो. “आधी वरचं, मग खालचं. धूळ कोरडी असते तोवर उचलता येते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो कापडात शिरतो.”

फवाऱ्याने बहिणीकडे पाहिले. “ताई, हे घरी पण असेच असतात?”

“घरी जास्त,” बायको म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधू लागली.

मागची बैठक आम्ही बोल्ट काढून बाहेर अंगणात ठेवली. पायपुसणी तारेवर गेली. मग मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी घेऊन छतापासून खाली उतरत आलो आणि बायको दातांच्या जुन्या ब्रशने सांधे उकरत माझ्या पुढे सरकत राहिली. बैठकीच्या रुळांत मेणाचे रंगखडू वितळून पुन्हा गोठले होते. तिथे जांभळ्या आणि हिरव्या रंगाचा एक नवाच खडक तयार झाला होता. पुढच्या आसनाखाली केळ्याची साल सापडली. ती इतकी जुनी होती की तिचे चामडे झाले होते. फवाऱ्याने ती पट्ट्यासारखी मनगटाला लावून पाहिली. वाळूला तर अंतच नव्हता.

सासूबाई खिडकीत खुर्ची ओढून बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला. वर्गात झाडलोट करणाऱ्या मुलांवर ठेवावे तसे आमच्यावर लक्ष.

“कोपरे!” मधूनच त्या ओरडत. “मधलं कुणीही पुसतं!”

“हो आई!”

“हो नको म्हणूस, पूस!”

कोरडे काम संपल्यावर ओले सुरू झाले. कोमट पाण्यात साबणाचा फेस उठवायचा, पाणी नव्हे, फक्त फेस ब्रशवर घ्यायचा, कापड घासायचे आणि पिळलेल्या फडक्याने लगेच टिपून घ्यायचे. बादलीतले पाणी प्रथम काळे झाले, मग तपकिरी, मग गढूळ. प्रत्येक आसन पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा घेतले. छताचे कापड फक्त थोपटून घेतले. ते घासले तर त्यामागचा गोंद सुटतो आणि छत डोक्यावर येते. बेल्टही ओढून हाताला आले तेवढे पुसले. दुपार टळताना मी डॅशबोर्डामागचा हवेचा फिल्टर काढला, आणि त्याच्याबरोबर मूठभर कुजकी पाने, कसलेसे केस आणि एक वाळलेले फुलपाखरू बाहेर पडले. फिल्टरचे कापड काळेमिट्ट होते, आणि त्याला कुबट वास होता.

“सापडला!” फवारा ओरडला. “सापडला चोर! आई, हा बघ!”

त्याने फिल्टर खिडकीपाशी नेला. सासूबाईंनी नाकाजवळ धरला, डोळे मिटले आणि परत दिला.

“हा नव्हे.”

“हा नव्हे? अगं, माझे डोळे चुरचुरतायत!”

“चुरचुरू देत. हा घाण आहे, मान्य. पण तो आंबट होता.”

बायकोने हातातले फडके बादलीत टाकले. ते जरा जोरातच पडले. मला तिचा विचार ऐकू आला: चोर सापडला की आई चोर बदलते. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून नवा फिल्टर आणून बसवला आणि त्या दिवसाचे काम थांबवले. सासूबाईंचा तो शब्द मात्र मी लक्षात ठेवला. आंबट. खोटे बोलणारा माणूस सहसा इतका नेमका नसतो.

रविवारी आम्ही ज्या ज्या ठिकाणी आंबट काही मुरू शकते त्या सगळ्या ठिकाणी गेलो. गालिचा कडेने उचलून त्याखालचा जाड थर पाहिला, कोरडा होता. जादा चाकाचा खड्डा पाहिला. त्यात पाणी साचलेले होते, ते उपसले आणि पुसले. पेले ठेवायच्या खाचांतून चिकट काळा गाळ काढला. दारांच्या कप्प्यांत काड्यांना कापूस गुंडाळून फिरवला. फवाऱ्याने तोवर विनोद करणे सोडले होते, आणि यावरून काम गंभीरपणे चालले होते हे समजावे. शेवटी काचा राहिल्या. काचा मी कुणाला पुसू देत नाही. दुपारभर सगळी दारे उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली, मागची बैठक परत जोडली, दारे बंद केली आणि थोडा वेळ थांबून आम्ही एकामागून एक आत जाऊन बसलो.

काहीही नव्हते. लिंबू नाही, साबण नाही, माणूस नाही. कोऱ्या कागदासारखी हवा.

“ही आपली गाडी नाही,” बायको हळूच म्हणाली. “कुणाची तरी आणलीय.”

सोमवारची वाट न पाहता उभ्या गाडीतच एकदा बसून पाहावे, असे मी सासूबाईंना सुचवले. त्या आढेवेढे न घेता आल्या. चाकाचा आधार अंगणातून ढकलत, ताठ पाय बाजूने फिरवत त्या दारापाशी पोचल्या. आम्ही दोघांनी त्यांना मधल्या बैठकीवर चढवले. पाठीशी उशी ठेवली, पाय आडवा लांब ठेवला, त्यामुळे त्या अर्धवट दाराकडे पाठ करून बसल्या. त्यांनी लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “खरंच ठीक आहे, जावईबापू. हात चांगला आहे तुमचा.”

मला हसू आवरेना. मी गाडीच्या दारालगतच्या खांबाजवळचा बेल्ट ओढला, उशीवरून, त्यांच्या अंगावरून घेतला, आणि पार पलीकडे नेऊन खाचेत अडकवला. उशी, आडवे बसणे आणि सासूबाईंचे भरभक्कम शरीर यांमुळे तो बराच ओढावा लागला.

सासूबाईंचा चेहरा उतरला. ओठ पांढरे पडले. त्यांनी पदर नाकाला लावला.

“आला,” त्या म्हणाल्या. “काढा मला. काढा!”

मी बेल्ट सोडला, तो सप्पकन खांबात गेला, आणि आम्ही त्यांना खाली उतरवून गाडीच्याच पायरीवर बसवले. बायको त्यांच्यासमोर उभी राहिली. दोन दिवस तिने गुडघ्यांवर बसून ती गाडी घासली होती. तिच्या बोटांची टोके पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

“गाडी जागची हललीसुद्धा नाही, आई.”

“मला ठाऊक आहे.”

“आत काहीही नाहीये. आम्ही तिघं बसलो. तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही. एकदा सरळ कबूल कर ना, तुला तिथं जायची भीती वाटते म्हणून!”

“ताई, जाऊ दे,” फवारा म्हणाला.

“नाही जाऊ देणार! पाय जातोय तिचा!”

सासूबाईंनी पदर खाली घेतला. 

“वाटते,” त्या म्हणाल्या. “भीती वाटते. आदल्या रात्रीपासून झोप लागत नाही. बस्स? आणि वासही येतो. दोन्ही खरं आहे. एक खरं असलं म्हणजे दुसरं खोटं, हे तुला कुणी शिकवलं? मी तरी नाही.”

 मला त्या क्षणी स्वतःच्या युक्तिवादाचे दुबळेपण दिसले. वास की सबब, अशी मी सरळ वाटणी केली होती. दोन्ही एकत्र नांदत असतील, हा तिसरा पक्ष मी विचारातच घेतला नव्हता. पण खंत करायला वेळ नव्हता, कारण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट मनात टोचू लागली होती. सासूबाई आत बसल्या तेव्हा वास नव्हता. दोनदा श्वास घेतला तेव्हाही नव्हता. मग आला. मधल्या काळात गाडीत काय बदलले होते? दार उघडेच होते. ऊन तेच होते. बदलली होती ती एकच गोष्ट, आणि ती मी स्वतः केली होती.

मी आत वाकून बेल्ट ओढला आणि नाकाला लावला. स्वच्छ. कालच पुसलेला.

“आता तुम्ही सुरू झालात, भाऊजी?”

“थांब.” मी आणखी ओढला. चिमी बसते तेव्हा जेवढा येतो तेवढा. स्वच्छ. उत्साहाच्या भरात फवाऱ्याने हात घालून हिसका दिला, आणि हिसका बसताच बेल्ट जागीच अडकला, जसे ते अडकायचेच असतात.

“हळू. रागावतो तो.”

थोडा सोडून, पुन्हा हळूहळू ओढत मी तो सासूबाईंच्या मापापर्यंत आणला, आणि त्याही पुढे. करडा पट्टा येता येता तपकिरी झाला. मग कडक झाला. मग खांबाच्या फटीतून असा एक हातभर तुकडा बाहेर आला की, त्याच्या विणीत पिवळट खरपुडी बसली होती आणि कडेला काळी बुरशी. फवारा वाकला आणि तसाच मागे सरला.

“अरे देवा,” तो म्हणाला. “दही.”

दहीच होते, म्हणजे कधीकाळी दूध होते. चिमीची लहानपणची आसंदी, म्हणजे बाळाला गाडीत बसवायची खुर्ची, याच जागी बांधलेली असे. ती बांधायला बेल्ट पार शेवटापर्यंत ओढून आसंदीच्या पाठीमागून, बुडाखालून घ्यावा लागे. वर्षानुवर्षे तिच्या बाटलीतले, तिच्या तोंडातले आणि तिच्या पोटातले जे जे सांडले, ते ते ओघळून नेमके तिथेच जाऊन मुरले. चिमी मोठी झाली, आसंदी निघाली, बेल्ट सुटला आणि आपल्या पोटातला सगळा ऐवज घेऊन खांबातल्या गुंडाळीत अंधारात जाऊन बसला. त्यानंतर तिथे बसले कोण? काडीसारखी चिमी, फार तर बायको. त्यांच्या अंगावर बेल्टचा बाहेरचा, निरोगी भाग येई. सासूबाई एरवी पुढे बसत. पाय मोडल्यावर त्या मधल्या बैठकीवर आल्या, आडव्या, उशीसकट, आणि बेल्टचा तो दडलेला भाग प्रथमच बाहेर येऊन थेट त्यांच्या हनुवटीखाली स्थिर झाला. आम्हाला वास येत नव्हता, कारण तो वास त्यांच्या एकट्यांच्याच मापाला येत होता.

मी हे सगळे सांगितले. 

“आसंदी काढताना बेल्ट कुणी पाहिला नाही?” सासूबाईंनी विचारले.

“आसंदी ताईने काढली होती,” फवारा म्हणाला.

“मी? ह्यानं काढली.”

“मला वाटतं फवाऱ्यानं,” मी म्हणालो. हा वाद अजून मिटलेला नाही.

बायको पुढे आली. तिने माझ्या हातून तो तुकडा घेतला, नाकाशी धरला आणि धरूनच ठेवला, गरजेपेक्षा जास्त वेळ, जणू कुणी तिला ती शिक्षा दिली होती. डोळ्यांत पाणी आले ते वासाने की कशाने, ते मी विचारले नाही.

“बादली,” ती म्हणाली. “गरम पाणी. हा आत जायच्या आधी धरा कुणीतरी.”

धरायचे काम फवाऱ्याकडे आले. बेल्ट शेवटापर्यंत ओढलेला, आणि सोडला की आत जाणार. मी शिकंजा, म्हणजे आवळायचा क्लॅम्प, शोधायला गेलो; तो माळ्यावर सापडेपर्यंत फवारा दोन्ही हातांनी पट्टा धरून पुतळ्यासारखा उभा होता.

“भाऊजी, नाक खाजतंय.”

“खाजू दे.”

“एवढं सगळं झाल्यावर तरी एक डोंगरवारा?”

“नाही.”

खांबाच्या फटीशी शिकंजा आवळून बेल्ट आम्ही सोडलाच नाही. त्याची घडी बादलीत सोडून, साबण लावून, ब्रशने विणीच्या दिशेने, मग विणीच्या आडव्या दिशेने घासली. पाणी बदलले. पुन्हा घासली. खरपुडी सुटली, मग पिवळेपणा सुटला. काळी बुरशी सगळ्यात शेवटी आणि नाइलाजाने गेली. पण आता खरी अडचण पुढे आली. जाड विणीचा पट्टा भिजला होता, ऊन कलले होते, आणि ओला बेल्ट आत सोडणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे. सकाळी तो कोरडा हवा होता. बायकोने घरातून लांब वायर ओढून आणली आणि केस वाळवायचे यंत्र घेऊन ती गाडीच्या पायरीवर बसली. मी फडक्यात धरून पट्टा पिळत होतो. सासूबाई आत जायला उठल्या नाहीत. त्या तिथेच, लेकीच्या जवळ, पायरीवर होत्या.

यंत्राच्या घरघरीत बरेच काही बोलता येते.

“आधी का नाही सांगितलंस?” बायको म्हणाली. “भीती वाटते म्हणून.”

“तू विचारलंस कुठं? तू निकाल दिलास.”

यंत्र पट्ट्यावरून सावकाश फिरत राहिले.

“काय होतं तिथं?”

“ती बाई घोट्याखाली हात घालते. म्हणते, श्वास सोडा. मी सोडला की त्याच क्षणी वाकवते. म्हणजे श्वासाचीच भीती बसते. ओरडावंसं वाटतं, पण शेजारी पडद्यापलीकडे माणसं असतात. आणि कधी संपणार ते कळत नाही. नुसतं छताकडं बघायचं. तुम्ही बाहेर बाकावर असता.”

“तिथं नातेवाइकांना बाहेरच थांबवतात, आई.”

“हो. पाटी आहे तशी.”

दिवेलागणीपर्यंत पट्टा हाताला कोरडा लागू लागला. शिकंजा मात्र मी तसाच आवळून ठेवला आणि खिडक्या फटीएवढ्या उघड्या ठेवून गाडी बंद केली.

सोमवारी सकाळी मी पट्टा गालाला लावून पाहिला, नाकाला लावून पाहिला आणि मग शिकंजा सोडला. सासूबाईंना चढवले. उशी, पाय, बेल्ट. त्यांनी बेल्ट स्वतःच्या हाताने ओढून घेतला, हनुवटीखालचा भाग मुठीत धरला आणि हुंगला.  मी गाडी काढली. गल्लीचे वळण गेले. पूल आला, मी आरशातून पाहिले तर त्या खाली नदीतल्या होड्यांकडे पाहत होत्या. पूल संपला. बायकोने माझ्या खांद्यावर हळूच बोट टेकवले. तेवढेच.

केंद्राच्या दारात गाडी थांबवून मी सरकते दार उघडले. सासूबाई हलल्या नाहीत. बेल्ट दोन्ही मुठींत घट्ट धरलेला होता, आणि या खेपेस त्याला कसलाही वास नव्हता.

मी काहीतरी बोलणार होतो. मुद्दे तयार होते. परंतु बायकोने मला डोळ्यांनी थांबवले आणि ती दुसऱ्या बाजूने आत चढून आईच्या पायाशी टेकली.

“मी आत येतेय,” ती म्हणाली. “पडद्याच्या आत. तुझ्या डोक्याशी उभी राहणार.”

“नियम आहे तिथं. बाहेर थांबायचं.”

“तो मी बघते.”

“भांडशील.”

“तुझीच लेक आहे.”

 सासूबाईंनी बेल्टची कळ दाबली.

त्या दोघी आत गेल्या, एक चाकाच्या आधारावर रेलून आणि दुसरी तिच्या कोपराला धरून. दारातला माणूस पुढे आला, त्याने पाटीकडे बोट दाखवले. बायको थांबलीसुद्धा नाही. चालता चालताच त्याला काही म्हणाली, आणि तो बाजूला झाला. मी गाडी खिडकीलगतच्या सावलीत लावली. खिडकी उघडी होती, पडद्याची कड हलत होती. आत गुडघेबाईंचा सौम्य आवाज आला, काहीतरी श्वासाविषयी.

“नाही,” सासूबाईंचा आवाज आला. तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. “श्वासाचं माझं मी बघते. तुम्ही मोठ्यानं मोजा. कुठवर जायचं ते आधी सांगा, आणि मग वाकवा.”

 मग गुडघेबाई मोजू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी बायकोही.